चोरपावलांनी येणारा समुद्र

समुद्र खवळला आहे हे ओळखायला कोकणातल्या मुलाला पुस्तक लागत नाही. आभाळ भरून येते, वारा सुटतो, माड वाकू लागतात, पाणी गढूळ होते आणि होड्या वाळूवर ओढून शाकारल्या जातात. नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात घालायची नाही, हा रिवाज याच अनुभवातून आला. वारा तेथे लाटा, आणि वारा पडला की समुद्रही निवला, अशी आपली समजूत असते. रोजच्या व्यवहाराला ती पुरते. परंतु मार्च ते मे या काळात, म्हणजे नेमक्या परीक्षा संपून आपण समुद्रावर जायला निघतो त्या दिवसांत, ही समजूत कधी कधी जिवावर बेतते.

३१ मार्च २०२४ हा ईस्टरचा रविवार होता. केरळच्या किनाऱ्यालगत त्या दिवशी कोठेही वादळ नव्हते. तरीही तिरुवनंतपुरम, कोल्लम, आलप्पुळा आणि त्रिशूर या जिल्ह्यांत समुद्र आपली हद्द ओलांडून आत आला. लाटांमागून लाटा येत राहिल्या, रस्त्यांवर वाळू पसरली, घरांत पाणी शिरले आणि कित्येक कुटुंबांना राहते घर सोडून दुसरीकडे आसरा घ्यावा लागला. पावसाळा दोन महिने दूर, अरबी समुद्रात चक्रीवादळ नाही, भूकंप झालेला नाही. मग हे पाणी आले कोठून?

केरळचे मच्छीमार या प्रकाराला फार पूर्वीपासून ओळखतात. त्यांनी त्याला नावही दिले आहे, ‘कळ्ळक्कडल’. मल्याळम भाषेत ‘कळ्ळन’ म्हणजे चोर आणि ‘कडल’ म्हणजे समुद्र. चोर जसा चाहूल न देता घरात शिरतो तसा हा समुद्र शिरतो, म्हणून तो चोरसमुद्र. नाव इतके अचूक आहे की शास्त्रज्ञांनी नवीन नाव शोधण्याचा खटाटोप केला नाही. २०१२ साली युनेस्कोने हा शब्द शास्त्रीय वापरासाठी मान्य केला. मच्छीमारांच्या बोलीतला शब्द जसाच्या तसा जगाच्या शास्त्रीय परिभाषेत जाऊन बसला, असे फार वेळा घडत नाही.

मे २००५ मध्येही केरळात असेच पाणी घुसले होते. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीला तेव्हा पाच महिनेसुद्धा पुरते झाले नव्हते. तिच्या तडाख्यात सापडलेल्या कोल्लमकडच्या लोकांना पुन्हा सुनामीच आली की काय असे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. पण चोरसमुद्र आणि सुनामी यांचा काही संबंध नाही. सुनामी समुद्राच्या तळाला बसलेल्या हादऱ्यातून जन्मते आणि तिच्या दोन लाटांत अनेक मिनिटांचे, कधी कधी अर्ध्यापाऊण तासाचे अंतर असते. कळ्ळक्कडलच्या लाटा दर पंधरावीस सेकंदांनी येतात. त्या वाऱ्यानेच निर्माण केलेल्या असतात. गोम एवढीच, की तो वारा येथला नसतो.

मग तो कोठला? भारताचा नकाशा बाजूला ठेवून पृथ्वीचा गोल समोर घ्या. केरळच्या टोकावर बोट ठेवा आणि नैर्ऋत्येकडे व दक्षिणेकडे सरकवत न्या. मालदीव, मॉरिशस अशी ठिपक्यांएवढी बेटे सोडली तर थेट अंटार्क्टिकाच्या बर्फापर्यंत बोटाला जमीन लागत नाही. केरळच्या किनाऱ्याचे दार सरळ दक्षिण महासागराकडे उघडते असे म्हणायला हरकत नाही.

हा दक्षिण महासागर म्हणजे पृथ्वीवरचे लाटांचे सर्वांत मोठे कोठार आहे. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरते : वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला, आणि पाण्यावरून त्याला किती लांब मोकळी धाव मिळाली. आपल्या गावच्या तलावावर सोसाट्याचा वारा दिवसभर सुटला तरी हातभर लाटांपलीकडे मजल जात नाही, कारण धाव अपुरी पडते. दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अंश अक्षांशांमध्ये पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांना अडवायला जवळजवळ जमीनच नाही. शिडाच्या जहाजांवरच्या खलाशांनी त्या पट्ट्यांना ‘गरजणारे चाळीस’, ‘खवळलेले पन्नास’ अशी नावे देऊन ठेवली होती. तेथे एकामागून एक वादळे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असतात आणि दहा-दहा मीटर उंचीच्या लाटा उठवतात. आपल्याकडे वसंत आणि उन्हाळा असतो तेव्हा तिकडे शरद ऋतू असतो. हिवाळा जवळ येत जातो तशी त्या वादळांची ताकद वाढत जाते.

आता त्या लाटा वादळाच्या कक्षेतून बाहेर पडल्या की काय होते ते पाहू. वादळात लहानमोठ्या, आखूड, लांब अशा सर्व तऱ्हेच्या लाटांचा गोंधळ असतो. आखूड लाटा थोड्याच प्रवासात विरून जातात. लांब लाटा मात्र, वारा मागे राहिला तरी, आपल्या जोरावर चालत राहतात. त्यांचे माथे गोलसर होतात, ओळी सरळ होतात. अशा लाटांना या लेखापुरते आपण ‘परगावच्या लाटा’ म्हणू, आणि किनाऱ्यावरच्या वाऱ्याने तेथल्या तेथे उठणाऱ्या लाटांना ‘गावच्या लाटा’.

एका माथ्यानंतर दुसरा माथा यायला लागणारा वेळ म्हणजे लाटेचा आवर्तकाल. खोल समुद्रातील लाटांचा एक गुण असा, की सर्व लाटा सारख्या वेगाने धावत नाहीत. ध्वनीचे तसे नसते. हवेत बासरीचा उंच सूर आणि ढोलाचा खर्ज बरोबरच कानी पडतात. लाटांत मात्र ज्यांचा आवर्तकाल मोठा त्या वेगाने धावतात. आवर्तकाल सेकंदांत घेऊन त्याला १.५६ ने गुणले की लाटेचा वेग दर सेकंदाला किती मीटर ते मिळते. आवर्तकालाचा वर्ग करून १.५६ ने गुणले की तिची तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ६ सेकंदांची गावची लाट सुमारे ५६ मीटर लांब असते. १८ सेकंदांची परगावची लाट ५०५ मीटर, म्हणजे अर्धा किलोमीटर लांब असते आणि तिचा माथा ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतो.

येथे एक गंमत आहे. माथा ज्या वेगाने धावतो त्या वेगाने लाटांचा तांडा धावत नाही. तळ्याच्या शांत पाण्यात मूठभर आकाराचा दगड टाका आणि पसरणाऱ्या वर्तुळांकडे नीट पाहा. एकाच वर्तुळावर नजर खिळवली तर ते तांड्याच्या पुढच्या कडेपर्यंत पळत जाते आणि तेथे नाहीसे होते. त्याच वेळी तांड्याच्या मागच्या कडेला नवे वर्तुळ उगवलेले दिसते. खोल पाण्यात तांड्याचा वेग माथ्याच्या वेगाच्या बरोबर निम्मा असतो, आणि लाटेची ऊर्जा तांड्याबरोबरच जाते. तेव्हा हिशेबासाठी एक सोपे सूत्र लक्षात ठेवा : आवर्तकालाला २.८ ने गुणले की तांड्याचा वेग ताशी किती किलोमीटर ते कळते. १८ सेकंदांच्या लाटांसाठी तो येतो ताशी सुमारे ५०.

हे सूत्र ईस्टरच्या दिवसाला लावून पाहू. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने (इन्कॉइसने) नंतर दिलेल्या माहितीनुसार, २३ मार्चच्या सुमारास एक कमी दाबाचे क्षेत्र दक्षिण अटलांटिकमधून हिंदी महासागराच्या दक्षिण भागात शिरले. ते भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे १०,००० किलोमीटर दूर होते. पुढचे दोनतीन दिवस तेथे जोराचे वारे वाहिले आणि ११ मीटरपर्यंत उंचीच्या लाटा उठल्या. २३ ते ३१ मार्च म्हणजे ८ दिवस, म्हणजेच १९२ तास. १०,००० ला १९२ ने भागले तर ताशी ५२ किलोमीटर येतात. त्याला २.८ ने भागा : आवर्तकाल येतो १८ ते १९ सेकंद. वादळ एका जागी थांबत नाही, शिवाय लाटा दोनतीन दिवस उठत होत्या, म्हणून हा हिशेब ठोकळमानाचा आहे. तरीसुद्धा पृथ्वीच्या पाठीवरून एवढा प्रवास करून आलेल्या पाहुण्याची येण्याची तारीख शाळेतल्या भागाकाराने इतकी जवळ यावी ही साधी गोष्ट नाही.

एकच तांडा वाटेतली गावे घेत कसा जातो याचे उदाहरण मे २००७ मध्ये मिळाले. दक्षिण आफ्रिकेच्या केपटाऊनच्या दक्षिणेस उठलेल्या वादळाच्या लाटा सुमारे ४,००० किलोमीटर प्रवास करून तीन दिवसांनी रियुनियन बेटावर आदळल्या आणि तेथल्या सेंट पियर बंदराची त्यांनी मोडतोड केली. आणखी काही दिवसांनी मालदीवच्या अनेक बेटांवर पाणी चढले. युरोपच्या ‘एनव्हिसॅट’ या उपग्रहाने त्या लाटांचा माग काढला होता. चार हजार किलोमीटर आणि तीन दिवस. वेग तुम्हीच काढा.

लाटांच्या या दूरच्या प्रवासाचा पहिला मोठा पाठलाग मात्र उपग्रहांच्या आधी झाला, आणि तो वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने केला. दुसऱ्या महायुद्धात हाराल्ड स्वेर्द्रुप आणि त्यांचा शिष्य मंक यांनी लाटांचे भाकीत करण्याची रीत बसवली होती. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवताना ती कामी आली. युद्धानंतर मंकच्या डोक्यात एक प्रश्न घोळत राहिला : लाटा किती दूर जाऊ शकतात? १९६३ साली त्याने न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत, पॅसिफिक महासागर दक्षिणोत्तर ओलांडत, मापनकेंद्रांची रांगच उभी केली. एका केंद्रावर, सामोआतील बेटावर, तो स्वतः बायकामुलांसह जाऊन राहिला. हवाई आणि अलास्का यांच्या मधल्या भागात एकही बेट नाही. तेथे ‘फ्लिप’ नावाचे १०८ मीटर लांबीचे चमत्कारिक जहाज नेले गेले. टाक्यांत पाणी भरले की ते आडव्याचे उभे होई. त्याचा बराचसा भाग पाण्याखाली जाई आणि लाटांत ते खांबासारखे स्थिर राही. अंटार्क्टिकाजवळच्या वादळांत उठलेल्या लाटा सारा पॅसिफिक ओलांडून अलास्कापर्यंत पोहोचतात, आणि वादळाजवळचा भाग सोडला तर वाटेत त्यांची ऊर्जा फारच थोडी खर्च होते, असे या मोहिमेत दिसून आले.

मंकची अंतर काढण्याची युक्ती तुम्हांला भूकंपाच्या पाठात भेटली असेल. वीज चमकल्यावर गडगडाट किती सेकंदांनी ऐकू आला यावरून आपण विजेचे अंतर काढतो, तीच ही युक्ती. वादळातून सर्व लाटा साधारण एकदमच निघतात, पण १८ सेकंदांच्या लाटा पुढे पोहोचतात आणि १५ सेकंदांच्या मागे राहतात. वादळ ९,००० किलोमीटरवर असेल तर या दोन तांड्यांच्या येण्यात सुमारे ३६ तासांचे अंतर पडते. म्हणजे किनाऱ्यावर बसून फक्त घड्याळ आणि लाटा पाहिल्या, तर न पाहिलेल्या वादळाचे अंतरही सांगता येते आणि ते कधी झाले तेही. म्हणून किनाऱ्यावर आधी येतात त्या सर्वांत लांब लाटा. त्या उंचीने बेताच्या असतात आणि समुद्रात काही वेगळे घडत आहे अशी शंकाही येऊ देत नाहीत. चोराने आधी टेहळणीला माणूस पाठवावा तसा हा प्रकार.

खोल पाण्यात होडीतल्या माणसाला या लाटांचा पत्ता लागत नाही. दीड मीटर उंच आणि अर्धा किलोमीटर लांब अशी लाट होडीखालून गेली तर होडी ९ सेकंदांत हळूच वर आणि ९ सेकंदांत हळूच खाली जाते, एवढेच. खरा खेळ पाणी उथळ झाल्यावर सुरू होतो. लाटेला तळ ‘लागतो’ तो पाण्याची खोली तिच्या लांबीच्या निम्मी झाली म्हणजे. गावच्या लाटेला तळ लागतो २८ मीटरवर. १८ सेकंदांच्या लाटेला तो २५० मीटर खोलीवरच लागतो. तळ लागला की लाट मंदावते, मागची लाट पुढचीच्या जवळ सरकते, ऊर्जा कमी जागेत कोंबली जाते आणि उंची वाढते. भरधाव लोकलच्या मोटरमनने गाडीचा वेग एकदम कमी केला की डब्यातली माणसे पुढे रेटली जातात, तसे काहीसे समजा.

त्याशिवाय वाळूवर चढण्याचा हिशेब वेगळा आहे. फुटल्यावर लाट वाळूवर किती उंच चढेल हे तिच्या नुसत्या उंचीवर ठरत नाही, तर उंची व तरंगलांबी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ते साधारणपणे वाढते. दीड मीटर उंचीची ६ सेकंदांची लाट घ्या : १.५ गुणिले ५६, म्हणजे ८४, वर्गमूळ सुमारे ९. आता त्याच उंचीची १८ सेकंदांची लाट घ्या : १.५ गुणिले ५०५, म्हणजे सुमारे ७५७, वर्गमूळ २७ च्या पुढे. उंची तीच, पण चढण्याची मजल तिप्पट! कळ्ळक्कडलचा इशारा देताना लाटांची उंची पुष्कळदा मीटर-दीड मीटर एवढीच सांगितलेली असते. ती वाचून ‘एवढ्याशा लाटांना काय भ्यायचे?’ म्हणणारा माणूस उंचीचा आकडा वाचतो आणि त्याच्या शेजारचा सेकंदांचा आकडा वाचत नाही. माझ्या मते तो दुसरा आकडा अधिक ठळक टाइपात छापायला हवा.

आता चोरपणाचा सर्वांत कपटी भाग. ध्वनीच्या पाठात विस्पंद शिकलात ना? जवळजवळ सारख्या कंप्रतेचे दोन स्वर एकदम वाजवले की आवाज चढतो आणि उतरतो, चढतो आणि उतरतो. लाटांतही तेच घडते. १७ आणि १८ सेकंदांच्या लाटा एकाच वेळी किनाऱ्यावर येत असतील तर कधी त्यांचे माथे जुळतात आणि लाट मोठी होते, कधी एकीचा माथा दुसरीच्या खळग्यावर पडतो आणि समुद्र जणू झोपी जातो. गणित केले तर दोन मोठ्या जथ्यांमध्ये पाच मिनिटांचे अंतर निघते. खऱ्या समुद्रात दोन नव्हे तर अनेक आवर्तकालांच्या लाटा मिसळलेल्या असतात, त्यामुळे हे अंतर नियमित नसते. कधी तीन मिनिटे, कधी दहा. कातळावर जाऊन बसलेला माणूस दोन मिनिटे समुद्र पाहतो, लाटा पायापर्यंत पोहोचत नाहीत अशी खात्री करून घेतो, आणि फोटो काढण्यासाठी समुद्राकडे पाठ करतो. नेमका तेव्हा पुढचा जथा वाटेत असतो. कातळावर जायचेच असेल तर दूर उभे राहून निदान पंधरावीस मिनिटे समुद्र न्याहाळावा. जेथवर कातळ ओला आहे तेथवर पाणी येऊन गेलेले आहे, हे ध्यानात घ्यावे.

मोठे जथे किनाऱ्यावर पुष्कळ पाणी आणून टाकतात. ते परत जायला हवे. फुटणाऱ्या लाटांच्या खाली वाळूचे बांध असतात, आणि त्या बांधांना जेथे खिंड असते तेथून हे पाणी अरुंद प्रवाहाने आत धाव घेते. पोहायला गेलेल्यांना फसवणारी गोष्ट अशी, की त्या खिंडीवर पाणी खोल असल्यामुळे लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये शांत, गडद पाण्याची गल्ली. नवखा माणूस हमखास ती शांत गल्ली निवडतो. एरवी या प्रवाहाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असतो, पण जोरात असेल तेव्हा तो दोन मीटरच्याही वर जातो. म्हणजे ऑलिंपिकच्या पोहणाऱ्यालाही त्याच्या विरुद्ध पोहणे जमणार नाही. अशा ओढीत सापडलेली माणसे बुडतात ती बहुधा दमून. किनारा समोर दिसतो म्हणून सरळ त्याच्याकडे पोहत राहतात आणि शक्ती संपवतात. हा प्रवाह माणसाला तळाशी खेचत नाही, फक्त आत नेतो, आणि फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे त्याचा जोर ओसरतो. म्हणून अंग सैल सोडून तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून गल्लीच्या बाहेर यावे. काठावरच्यांनी दोर, रिकामा कॅन, ट्यूब असे तरंगणारे काहीतरी फेकावे. वाचवायला म्हणून हाताला हात धरून पाण्यात शिरू नये.

६ मे २०२४ रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर वैद्यकीय महाविद्यालयाचे पाच विद्यार्थी लाटांनी ओढून नेले. पाचही जण दगावले. त्या दिवसांत उंच लाटांचा इशारा दिलेला होता. अमावास्या दोन दिवसांवर आलेली, म्हणजे उधाण जवळ आलेले. जे डॉक्टर व्हायला निघाले होते ते अडाणी नव्हते. वर आभाळ पाहून समुद्राचा अंदाज करणे ही आपणा सर्वांचीच सवय आहे.

हा सगळा प्रकार केरळातच का जाणवतो, आपल्या कोकणात का नाही? लाटा आपल्याकडे येतच नाहीत असे नाही. दक्षिणेकडून आलेल्या लांब लाटा रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्यावरही पोहोचतात आणि आपल्या किनाऱ्यासाठीही इशारे दिले जातात. फरक भरतीचा आहे. केरळात भरती आणि ओहोटी यांतील फरक जेमतेम मीटरभर. त्यामुळे वस्ती पाण्याच्या अगदी काठाशी आलेली असते, आणि वर अर्धाएक मीटर पाणी चढले की ते थेट उंबऱ्यात. मुंबईला उधाणाच्या वेळी हाच फरक चार मीटरांहून अधिक असतो. तेथे लांब लाटा ओहोटीच्या वेळी आल्या तर वाळूतच जिरून जातील, ऐन उधाणाच्या भरतीला आल्या तर मात्र नाही. म्हणून आपल्याकडे पंचांगातली तिथी आणि इशारा दोन्ही बरोबर पाहिले पाहिजेत.

आपल्या बाजूला आणखी दोन पाहुणे आहेत. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला अरबस्तानावरून ‘शमाल’ नावाचे वायव्य वारे सुटतात. त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावर येतात. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. त्यांचा आवर्तकाल ६ ते ८ सेकंदच असतो, म्हणून त्या चोरसमुद्राएवढ्या आत शिरत नाहीत. दुसरा पाहुणा रोजचा : खारे वारे. मार्च-एप्रिलमध्ये जमीन तापली की दुपारनंतर समुद्रावरून वारा जोर धरतो, बारीक उड्या मारणाऱ्या लाटा उठतात आणि रात्री त्या विरून जातात. त्यांच्या गडबडीत खालून येणारी लांब लाट नजरेला पडत नाही. परगावच्या लाटा ओळखायच्या असतील तर सकाळी, वारा पडलेला असताना समुद्र पाहावा.

ओळखण्याची रीत अवघड नाही. पाण्यापासून दूर, उंच जागी उभे राहा. नांगरलेली एखादी होडी किंवा बाहेर डोके काढलेला खडक निवडा. त्यावरून जाणाऱ्या पहिल्या मोठ्या माथ्याला घड्याळ चालू करा, अकरावा माथा आला की थांबवा आणि आलेल्या सेकंदांना १० ने भागा. असे चारपाच वेळा करून सरासरी काढा. उत्तर ५-६ आले तर लाटा गावच्याच. १५ च्या पुढे गेले तर आठवड्यापूर्वीचे एखादे दक्षिणेचे वादळ तुमच्या पायाशी आलेले आहे. शाळेच्या फळ्यावर रोजचे तापमान लिहिता तसा किनाऱ्याजवळच्या शाळांनी हा आकडाही लिहायला हरकत नाही. एप्रिल-मेमध्ये शाळा बंद असतात ही अडचण आहे खरी.

इन्कॉइसने २०२० साली खास अशा लाटांसाठी पूर्वसूचनेची यंत्रणा सुरू केली. ती सात दिवस आधी सूचना देऊ शकते. यात जादू काही नाही. लाटांना यायलाच आठवडा लागतो. दक्षिण महासागरात वादळ उठले की उपग्रह तेथल्या लाटांची उंची मोजतात, संगणक तांड्यांचा प्रवास मांडतो आणि किनाऱ्याजवळ समुद्रात नांगरलेले लाटमापक बोये शेवटी पडताळा देतात. चक्रीवादळाची वाट ऐनवेळी बदलू शकते, पण वादळातून एकदा निघालेली लाट वळण बदलत नाही. त्या बाबतीत हा चोर मोठा वक्तशीर आहे.

इशारा आल्यावर मच्छीमारांना करायची कामे साधी असतात : होड्या वाळूवर बऱ्याच आत ओढून ठेवायच्या, बंदरात नांगरलेल्या बोटींमध्ये एकमेकींवर आदळणार नाहीत इतके अंतर ठेवायचे, काठावरची जाळी आणि सामान उचलायचे, आणि फुटणाऱ्या लाटांतून होडी बाहेर काढण्याचा किंवा आत घेण्याचा प्रयत्न त्या दिवसापुरता टाळायचा. खोल पाण्यात असलेल्या बोटीला धोका कमी, किनाऱ्याशी आलेल्या बोटीला अधिक. हे सर्व करायला एक दुपार पुरते. मधल्या सात दिवसांत केरळच्या वाळूवर जाळी सुकत पडलेली असतात, आभाळ निरभ्र असते, आणि विषुववृत्ताच्या खाली कोठेतरी अर्धा किलोमीटर लांबीच्या लाटांची रांग ताशी ५० किलोमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत असते.